फेकीचा चाकू : वजन किती, तोल कुठे

टेबलावर एक गोल पेन्सिल ठेवा आणि चाकू तिच्यावर आडवा ठेवून हळूहळू सरकवा. ज्या जागी तो दोन्हीकडे सारखा डुलतो, तिथे मार्करने बारीक रेघ मारा. ही रेघ म्हणजे तोलबिंदू. मुठीच्या टोकापासून तिथपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा आणि शेजारी चाकूचं वजन लिहा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा त्याला पुरतो. चाकू कुठल्या पोलादाचा, मूठ कशी, दिसतो कसा, हे सगळं या दोन आकड्यांनंतर येतं.

नवशिके वजन आणि तोल यांची गल्लत करतात. चाकू नीट रुतत नाही म्हणून जड चाकू घेतात, आणि तो जास्त फिरतो म्हणून हळू फेकतात. दोन्ही उपाय चुकीच्या जागी लागतात. तुम्ही फळ्यापासून, म्हणजे ज्या लाकडी लक्ष्यावर चाकू फेकायचा त्यापासून, किती अंतरावर उभं राहायचं हे तोल ठरवतो. चाकू रुतणार की आपटून परत येणार, आणि मनगटाच्या चुका किती माफ होणार, हे वजन ठरवतं.

जोर लावून फिरकी बदलत नाही

ही गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. मनगट ताठ ठेवून चाकू फेकला की हात आणि चाकू मिळून एकच दांडा कोपराभोवती फिरत असतो. सुटताना चाकूचा पुढे जाण्याचा वेग आणि गरगर फिरण्याचा वेग दोन्ही त्याच फिरण्यातून येतात. हात दुप्पट वेगाने फिरवला तर दोन्ही दुप्पट होतात. त्यामुळे एका फेऱ्यात चाकू किती अंतर कापतो, ते जवळजवळ तेच राहतं.

ते अंतर म्हणजे साधारण २π गुणिले त्रिज्या. त्रिज्या म्हणजे फिरण्याच्या केंद्रापासून चाकूच्या तोलबिंदूपर्यंतचं अंतर. मोठ्या माणसाचं कोपरापासून पंजाच्या मध्यापर्यंतचं अंतर सुमारे ३५ सेंमी भरतं, त्यात पंजापासून तोलबिंदूपर्यंतचे १० सेंमी मिळवले की ४५ सेंमी झाले. म्हणजे एका फेऱ्याला २.८ मीटरच्या आसपास. चाकू हातातून सुटतो तो पायाच्या अर्धा मीटर पुढे. म्हणून मूठ धरून एक पूर्ण फेरा घ्यायचा तर पाय फळ्यापासून सुमारे ३.३ मीटरवर येतात, पातं धरून अर्धा फेरा घ्यायचा तर २ मीटरच्या आसपास, आणि दीड फेऱ्याला ४.७ मीटर. खांदा किती पुढे जातो, हाताची लांबी किती, यावर प्रत्येकाचा आकडा १०-२० सेंमी इकडेतिकडे होईल. पण एकदा ठरला की तुमचा आकडा तोच राहतो.

आता तोलाचं महत्त्व उघड होतं. तोलबिंदू हातापासून १ सेंमी दूर गेला की एका फेऱ्याचं अंतर जास्तीत जास्त ६ सेंमीने वाढतं. चार सेंमीचा फरक म्हणजे पाव मीटर. एकाच वजनाचे, एकाच लांबीचे दोन चाकू एका जागेवरून फेकले आणि एक सरळ रुतला, दुसरा मूठ वर करून लटकला, तर आधी तुमच्या हाताला दोष देऊ नका. दोघांच्या रेघा शेजारी ठेवून बघा.

कुठल्या टोकाला धरायचं

रेघ लांबीच्या मध्यापासून १ सेंमीच्या आत असेल तर चाकू समतोल समजा. तो मुठीकडून धरा किंवा पात्याकडून, हाताला सारखाच लागतो. शिकायला हाच घ्यावा, कारण अंतर बदललं की फक्त पकड उलटी करायची असते, बाकी फेक तीच.

रेघ पात्याकडे सरकलेली असेल तर तो पातंजड. तो मुठीला धरून फेका. मूठजड असेल तर पात्याला धरा. जुना नियम असा की हलकं टोक हातात आणि जड टोक पुढे. कारण साधं आहे. जड टोक हातापासून दूर असलं की फेकीच्या ओढीने चाकू आपणहून बोटांतून सरळ निसटतो. उलट धरला तर सगळं वजन मुठीतच राहतं, तोलबिंदू जवळपास तळहातात येतो, आणि बोटं किंचित अडकली तरी चाकू भिंगरीसारखा गरगरतो. मूठजड चाकूचा आणखी एक दोष फळ्यावर दिसतो. टोक जेमतेम सेंटिमीटरभर रुतलं असेल तर मागचं वजन मूठ खाली ओढतं आणि लागलेला चाकू गळून पडतो.

मूठजड चाकू शक्यतो घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाजारात लाकडी किंवा जाड प्लास्टिकच्या मुठीचे जे सुबक चाकू मिळतात, त्यांतले बरेचसे मूठजड निघतात. आणि चार वेळा फळ्यावर आपटले की त्यांच्या मुठी ढिल्या होतात.

वजनाचं गणित

लांबीच्या दर सेंटिमीटरला ११ ते १४ ग्रॅम हे प्रमाण जुन्या फेकणाऱ्यांनी ठरवलेलं आहे, आणि ते हाताला पटतं. ३० सेंमीचा चाकू म्हणजे ३३० ते ४२० ग्रॅम. २५ सेंमीच्या खाली लांबी नेऊ नका. चाकू आखूड झाला की तोलबिंदू हाताजवळ येतो, फिरकी वाढते आणि चुकीला जागा उरत नाही.

हलका चाकू सोपा वाटतो, पण तो फसवा असतो. उदाहरणादाखल १२० ग्रॅमचा चाकू सेकंदाला १० मीटर वेगाने गेला तर त्याच्यात ६ ज्यूल ऊर्जा असते. ३४० ग्रॅमचा चाकू हाताला जरा जड लागतो, समजा ९ मीटरनेच गेला, तरी त्यात १३ ज्यूलच्या वर असते. हाताचं स्वतःचं वजन काही किलो आहे, त्यामुळे दोनशे ग्रॅम वाढल्याने वेग फारसा पडत नाही, पण टोकामागचं बळ दुपटीहून अधिक होतं. हलका चाकू टोक थोडं तिरपं लागलं की उसळी मारतो आणि तुमच्याच दिशेने येतो. शिवाय तो मनगटाचं लगेच ऐकतो. सुटताना मनगट जरा मोडलं तरी त्याची फिरकी बदलते. जड चाकू त्या क्षणी मनगटाला जुमानत नाही.

मग अर्धा किलोचा घ्यावा का? नको. ४५० ग्रॅमच्या वर गेलं की वीस-पंचवीस फेकींत कोपर आणि खांदा भरून येतात, हात थकला की चाकू सोडण्याची जागा सरकते, आणि फळ्याच्या ढलप्या उडतात.

वजन किती यासोबत ते कुठे पसरलं आहे तेही बघा. तोलबिंदूपाशी चाकू चिमटीत धरून मनगट झटपट डावी-उजवीकडे फिरवा. वजन दोन्ही टोकांकडे असेल तर चाकू आळशी वाटतो, वळायला वेळ घेतो. वजन मध्यावर एकवटलेलं असेल तर चटकन वळतो. फेकीसाठी आळशी चाकू चांगला. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची सपाट पट्टी, वर काहीही न जोडता, हाच उत्तम चाकू.

पट्टीतून चाकू

नागपुरात हे काम अवघड नाही. इतवारीतल्या लोहा ओळीत माइल्ड स्टीलची, म्हणजे एमएसची सपाट पट्टी मिळते. ३० मिमी रुंद, ६ मिमी जाड अशी मागा. तीन चाकूंना ९० सेंमी लागते, करवतीची वाट धरून एक मीटर घ्या. तीनही तुकडे एकाच पट्टीतले असू द्या, कारण पट्टी-पट्टीच्या जाडीत थोडा फरक असतो आणि तो वजनात उतरतो.

पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. ३० × ३ × ०.६ म्हणजे ५४ घन सेंमी, म्हणजे ४२४ ग्रॅमचा कोरा तुकडा. यात टोक काढायचं. इथेच बहुतेकांची चूक होते. चाकू देखणा दिसावा म्हणून टोक लांब, निमुळतं काढलं जातं. टोक १० सेंमी लांब काढलंत तर ७० ग्रॅम पात्याकडून जातात आणि तोलबिंदू मुठीच्या टोकापासून १२.७ सेंमीवर येतो. म्हणजे मध्यापासून सव्वादोन सेंमी मागे. चाकू मूठजड झाला.

त्याऐवजी असं करा :

१. एका टोकापासून ६ सेंमीवर आडवी रेघ मारा. टोकाच्या मध्यबिंदूपासून या रेघेच्या दोन्ही काठांपर्यंत तिरप्या रेघा ओढा. बाहेरचे दोन त्रिकोण हॅकसॉने किंवा ग्राइंडरने कापा. टोकाचा कोन २८ अंशांच्या आसपास येतो. एवढं जाड टोक लाकडात जातं आणि वाकत नाही.

२. दुसऱ्या टोकापासून १२ सेंमी ही मूठ. तिथे दोन्ही बाजूंनी ४-४ मिमी घासून रुंदी २२ मिमीवर आणा. मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. काटकोनात बोट अडकतं आणि तडाही तिथूनच जातो.

३. काटा लावा. ३३५ ग्रॅमच्या आसपास वजन आणि मुठीपासून १४.६ सेंमीवर तोल यायला हवा. मध्यापासून फक्त ४ मिमी मागे, म्हणजे समतोल.

४. सगळ्या कडा कानशीने मोडा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. धार लावायची नाही. फक्त टोक अणकुचीदार. पातं धरून फेकायचं असतं, आणि धारेचा रुतण्याशी काहीही संबंध नाही.

घासताना पट्टी बोटांना सोसवेनाशी झाली की पाण्यात बुडवा. असं बुडवल्याने एमएस ठिसूळ होत नाही. एमएसचं टोक दगडावर पडलं तर वाकतं, पण ऐरणीवर दोन ठोके मारले की सरळ होतं, म्हणून पहिला संच याचाच करा. सरावलात की वाडीच्या ट्रक गॅरेजांमधून कमानीच्या पाट्याचा तुकडा आणता येईल. तो चिवट असतो, टोक महिनोन्महिने टिकतं. मात्र त्याला लाल करून पाण्यात विझवू नका. कडक झालेला पाटा फळ्यावर काचेसारखा तुटतो आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. हातकाम जमत नसेल तर कागदावर मापात आकृती काढून हिंगणा एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडे द्या. तिथे सगळे चाकू तंतोतंत एकसारखे निघतात, आणि संचासाठी याहून चांगलं काही नाही.

तोल हलवायचा असेल तर

भोकं पाडून तोल सुधारतो ही समजूत फार पसरलेली आहे. ६ मिमी पट्टीत १० मिमीचं एक भोक म्हणजे जेमतेम ३.७ ग्रॅम. वरच्या चाकूच्या मुठीत शेवटापासून ३, ५, ७ आणि ९ सेंमीवर चार भोकं पाडली तर तोल ४ मिमी पुढे सरकून बरोबर मध्यावर येतो, पण वजन ३२१ ग्रॅमवर उतरतं. एवढ्यासाठी ड्रिल काढायची गरज नाही. मोठा फरक हवा असेल तर आकारच बदलावा लागतो : मूठ अरुंद किंवा टोक आखूड.

उलट, नकळत तोल बिघडवणं फार सोपं आहे. मुठीवर २० ग्रॅमची नायलॉन दोरी गुंडाळली की तोल जवळपास ५ मिमी मागे जातो, आणि सुटताना दोरी तळव्याला धरते ते वेगळंच. पुढच्या भागात वजन जोडायचं असेल तर हिशेब असा : जोडलेले ग्रॅम गुणिले तोलबिंदूपासूनचं अंतर, भागिले नवं एकूण वजन. ३०० ग्रॅमच्या चाकूला तोलापासून १३ सेंमीवर ३० ग्रॅम जोडले तर ३० × १३ ÷ ३३०, म्हणजे तोल १.२ सेंमी सरकला. हिशेब कळावा म्हणून सांगितलं. नट-बोल्टने जोडलेलं वजन आपटून ढिलं होतं, तेव्हा करू नका.

संचातल्या चाकूंत ५ ग्रॅम आणि ३ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. सगळ्यात हलका चाकू प्रमाण धरा आणि बाकीचे घासून त्याच्याजवळ आणा. मग पंचने १, २, ३ असे आकडे ठोका.

फळा आणि जागा

लकडगंजच्या आरामशिनींवर ओंडक्याची आडवी चकती कापून मागा. ४५ ते ५० सेंमी व्यासाची, १२ सेंमी जाड. सावर सगळ्यात मऊ, आंबाही चालतो. बाभूळ आणि साग नको, चाकू उसळतो. चकती अशी उभी करा की खोडाची वर्तुळं तुमच्याकडे दिसतील. टोक रेषांच्या मधून आत जातं आणि काढल्यावर लाकूड परत मिटतं. जुन्या संत्र्याच्या पेटीच्या फळ्या किंवा प्लायवूड यांवर सराव करू नका. फळी रेषेत उभी चिरते, प्लायवर चाकू आदळतो.

चकतीचा मध्य छातीच्या उंचीवर, १४० सेंमीच्या आसपास ठेवा. भोवती लोखंडी पट्टा आवळा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लाकूड वाळून तडकतं आणि दगडासारखं होतं. रात्री ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा, सकाळी उन्हं चढायच्या आत सराव उरका. उन्हात पडलेला चाकू हातात धरवत नाही, आणि घामेजल्या बोटांतून तो उशिरा किंवा लवकर सुटतो. हात आणि मूठ दर फेकीआधी कोरड्या फडक्याने पुसा. खाली सिमेंट असेल तर कूलरच्या काढून टाकलेल्या जुन्या ताट्या अंथरा. पडलेल्या चाकूंची टोकं वाचतात.

फेकणाऱ्याच्या पुढे आणि बाजूला कोणी नको, बघणारे किमान ३ मीटर मागे. पायात बंद बूट, डोळ्यांवर चष्मा. फळ्याच्या मागे जुनी गादी किंवा जाड ताडपत्री टांगा. सगळे चाकू संपल्याशिवाय कोणीही पुढे जायचं नाही. लहान मुलं आणि कुत्री अंगणात असतील तेवढा वेळ सराव बंद. जागा स्वतःची हवी, कुंपणाचं अंगण किंवा वावर. मैदानात, बागेत, फुटाळा तलावाच्या काठावर हे करू नये. शस्त्रनियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती, शेती वगैरे कामांची अवजारं सोडून. वर दिलेलं पातं १८ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद आहे, म्हणजे त्या मापाच्या आत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश लागू होतात. चाकू कमरेला लावून किंवा डिक्कीत मोकळे ठेवून फिरू नका. न्यायचेच असतील तर कुलूप लावलेल्या पेटीत, गुंडाळून न्या.

फळ्यावरचा चाकू वाचणं

मूठ धरून, ३.३ मीटरवरून, मनगट न मोडता दहा फेकी करा. प्रत्येक फेकीनंतर कडेने बघा की मूठ कुठे आहे. मूठ वर असेल तर चाकू जास्त फिरला, पुढे या. मूठ खाली असेल तर कमी फिरला, मागे जा. किती? घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणा. एका तासाचा तिरपेपणा, म्हणजे ३० अंश, याला सुमारे २४ सेंमी. अर्ध्या तासाला त्याच्या निम्मं, १२ सेंमी. चाकू फळ्याला समांतर, सपाट आपटत असेल तर तीन तास चुकले, म्हणजे ७० सेंमी. फेक बदलू नका, जोर बदलू नका, फक्त पाय सरकवा आणि जागेवर चुन्याने रेघ ओढा.

दहाही वेळा मूठ सारखीच वर असेल तर चूक अंतराची. कधी वर, कधी खाली, तर मनगट मोडतंय किंवा दर वेळी पकडीची जागा वेगळी आहे. आणि क्रमांक १ व ३ सरळ पण २ नेहमी तिरपा, तर दोष त्या चाकूत आहे; त्याचा तोल पुन्हा मोजा. चाकू डावी-उजवीकडे कललेला असेल तर तोलाचा प्रश्न नाही, सुटताना तळवा फिरला. टोक समोरून लागतं तरी रुतत नाही, तेव्हा क्रमाने बघा : टोक बोथट, लाकूड वाळलेलं, चाकू हलका.

युरोपातल्या स्पर्धांत ३, ५ आणि ७ मीटरच्या रेघांमागून फेकतात, आणि मधलं वर्तुळ १० सेंमी व्यासाचं असतं. या रेघा किमान अंतराच्या, म्हणून तुमचा आकडा ३.३ असेल तर ३ च्या मागे ३० सेंमीवर उभं राहायला मुभा आहे. त्याहून जवळ यायचं असेल तर पकड मुठीवर २ सेंमी पुढे, पात्याच्या दिशेने न्या. फेऱ्याचं अंतर १० ते १२ सेंमीने कमी होतं. हा बारीक बदल समतोल चाकूला छान जमतो.

महिनाभराच्या सरावाने टोकं झिजतात. मिलिमीटरभर कानस मारल्याने काही बिघडत नाही. पण टोक तुटलं आणि तुम्ही त्याच कोनात १.५ सेंमी मागपर्यंत नवं काढलंत, तर वरचा ३३५ ग्रॅमचा चाकू ३१५ ग्रॅमवर येतो आणि तोल १४.६ वरून १३.८ सेंमीवर. एका फेऱ्यात ५ सेंमीचा फरक पडला, म्हणजे तो संचातून बाहेर. जुनी रेघ थिनरने पुसा, नवी मारा, आणि बाकीचे दोनही तेवढेच आखूड करा. नाहीतर त्या एकाला वेगळं ठेवून त्याची स्वतःची चुन्याची रेघ जमिनीवर ओढा.